बडोदं पाहायचं तर मांडवीपासून स्टेशनकडे चालत या

मुंबई-पुण्याहून येणारी बरीच मंडळी स्टेशनवर उतरली की रिक्षा करून थेट लक्ष्मीविलास गाठतात. दुपारी सयाजीबाग, संध्याकाळी सूरसागर आणि रात्रीच्या गाडीनं परत. अशानं राजवाडा पाहून होतो, पण शहर हाती लागत नाही.

बडोद्याची मांडणी समजून घेतली तर पाहण्याचा क्रम आपोआप ठरतो. पूर्वेला चार दरवाजांचा जुना कोट आहे. त्याच्या पश्चिमेला मराठा कारभाऱ्यांचे वाडे, मग विश्वामित्री नदी. नदीपलीकडे सयाजीराव महाराजांच्या काळात वसलेला बागेचा आणि कॉलेजचा भाग, त्यापुढे रेल्वे स्टेशन. रुळांच्या पलीकडे कारखाने आणि सगळ्यात बाहेर, वायव्येला, तेलशुद्धीकरण आणि खतं. पूर्वेकडून पश्चिमेकडे निघालात की साधारण काळाच्या क्रमानंच चालता. कोटाच्या मधोमध असलेली मांडवी ते स्टेशन हे अंतर चारेक किलोमीटर आहे. एवढं अंतर एका दिवसात, थांबत थांबत, पायी करावं. राजवाडा दुसऱ्या दिवशी. पहिल्या दिवसानंतर तो पाहिला की त्यामागचं राज्य दिसतं.

येण्याआधी ठरवायच्या गोष्टी

नोव्हेंबरच्या मध्यापासून फेब्रुवारीअखेरपर्यंत चालण्याजोगी हवा असते. एप्रिल-मेमध्ये पारा चाळिशीच्या वर जातो. तेव्हा यावंच लागलं तर सकाळी साडेअकरापर्यंत आणि संध्याकाळी पाचनंतर फिरा, दुपार संग्रहालयाला द्या. पावसाळ्यात जुलै ते सप्टेंबर नदीची पातळी बघूनच तारीख ठरवा. विश्वामित्री पावागडावरून येते आणि शहरातून नागमोडी वळणं घेत जाते. वर पावागडाकडे मोठा पाऊस झाला आणि आजवा तलाव ओसंडला की ते पाणी काही तासांत शहरात उतरतं. पात्र अरुंद आणि वळणांचं, त्यामुळे पाणी लवकर पुढे सरकत नाही. काळा घोडा पुलाजवळची धोक्याची पातळी २६ फूट आहे. बातम्यांत पाणी त्याच्या जवळ पोचल्याचं दिसलं तर येऊ नका, कारण नदीच्या दोन्ही बाजू जोडणारे पूल बंद होतात आणि शहराचे दोन तुकडे पडतात. ऑगस्ट २०२४च्या पुरात हेच झालं.

दोन सणांचा विचार वेगळा करावा लागतो. नवरात्रात रात्री नऊनंतर वाहनं मुंगीच्या पावलानं चालतात आणि खोल्या आधीच भरलेल्या असतात. गरब्यासाठीच येत असाल तर मैदानाचे पास आणि खोली दोन्ही महिनाभर आधी बघा. संक्रांतीच्या, म्हणजे उत्तरायणाच्या दोन दिवसांत दुचाकी भाड्यानं घेऊ नका, मांज्यानं गळा कापल्याच्या घटना घडतात. मराठी माणसाला आवर्जून यावंसं वाटेल असा दिवस देवउठी एकादशीचा. त्या दिवशी विठ्ठलनाथजींचा वरघोडा, म्हणजे मिरवणूक, मांडवीतून निघतो.

सोमवार राजवाड्यासाठी धरू नका, तो बंद असतो. सयाजीबागेतलं संग्रहालय राज्य सरकारचं आहे, त्यामुळे सरकारी सुट्टी आणि आठवडी सुट्टी दोन्ही तपासूनच निघावं. शुक्रवारी रात्री किंवा शनिवारी पहाटे पोचून रविवारी संध्याकाळी परतणाऱ्यांना हा क्रम बरोबर बसतो.

मुंबई सेंट्रलपासून रेल्वेनं ३९२ किलोमीटर. वंदे भारत साडेचार तासांच्या आत आणते. दिल्लीकडचा आणि अहमदाबादकडचा असे दोन मार्ग बडोद्यातच फुटतात, त्यामुळे गाड्यांना तोटा नाही. पुण्याहून रात्रीच्या गाड्या सोयीच्या. राहण्यासाठी सयाजीगंज बघा: स्टेशनला लागून, एसटीचं स्थानक शेजारी, विद्यापीठ आणि काळा घोडा पायी. अलकापुरी रुळांच्या पलीकडे आहे, जास्त शांत आणि जास्त महाग. जुन्या शहरात मुक्काम करू नका, तिथे गाडी लावायला जागा मिळत नाही.

भाषेची अडचण येत नाही. रावपुरा, दांडिया बाजार, बाबाजीपुरा या भागांत मराठीत विचारलं तर मराठीत उत्तर मिळण्याची शक्यता चांगली आहे. इतरत्र हिंदी चालते. मात्र बसच्या पाट्या गुजरातीत असतात. अक्षरं देवनागरीच्या जवळची आहेत, वरची रेघ तेवढी नाही. पण झ, ख, ज, भ यांचे आकार वेगळे असल्यानं घाईत चूक होते. थांब्यावर उभ्या माणसाला विचारून बस पकडावी.

पहिली सकाळ: कोट आणि वाडे

सकाळी साडेसात-आठला रिक्षानं मांडवीला उतरा. स्टेशनवरून रिक्षा करताना आधी भाडं ठरवा किंवा मोबाइलवरून बोलवा. ही वेळ मुद्दाम सांगतो आहोत. दहा-साडेदहानंतर दुकानांच्या पाट्या, कापडांचे ढीग आणि दुचाक्या यांच्या आड इमारतींचे दर्शनी भाग पूर्ण झाकले जातात. सकाळी बंद शटरांच्या वर लाकडी कोरीव सज्जे आणि तुळया स्पष्ट दिसतात.

मांडवी ही चौकातली मुघलकालीन चौरस इमारत. तिच्या चारी बाजूंना चार रस्ते जातात आणि प्रत्येक रस्त्याच्या टोकाला एक दरवाजा: पूर्वेला पाणीगेट, पश्चिमेला लहेरीपुरा, उत्तरेला चांपानेर, दक्षिणेला गेंडी गेट. मांडवीपासून कुठलाही दरवाजा जेमतेम अर्ध्या किलोमीटरवर. कोटाची आखणी गुजरातच्या सुलतानांच्या काळातली आहे. पुढे मुघल आले आणि अठराव्या शतकात पिलाजीराव आणि दमाजीराव गायकवाडांनी गुजरातमध्ये पाय रोवले. भिंत बरीचशी गेली, दरवाजे आणि रस्त्यांचा आराखडा टिकला. चारी दरवाजांना जायची गरज नाही. पाणीगेटपर्यंत जाऊन परत या आणि मग पश्चिमेला वळा.

मांडवीजवळच्या बँक रोडवर मध्यवर्ती ग्रंथालय आहे. बडोद्यात वेळ कमी असेल तर राजवाड्यातला एक तास कापा, पण इथला अर्धा तास कापू नका. सयाजीरावांनी १९०६ साली सगळ्या राज्यात प्राथमिक शिक्षण सक्तीचं आणि मोफत केलं (त्याआधी १८९३मध्ये अमरेली भागात प्रयोग करून पाहिला होता). शाळेत शिकलेला माणूस पुढे काही वाचणार नसेल तर शिक्षण विसरेल, हा त्यांचा विचार. म्हणून १९१०मध्ये अमेरिकेतून विल्यम बॉर्डन या ग्रंथपालांना बोलावून राज्यभर, गावागावांत, वाचनालयांचं जाळं विणलं. महाराजांनी स्वतःच्या संग्रहातली सुमारे २०,००० पुस्तकं दिली. आजची इमारत १९३१ची. तिच्यातली पुस्तकांची पोलादी मांडणी अनेक मजली आहे आणि मजल्यांच्या जमिनी काचेच्या आहेत, वरचा उजेड खालच्या मजल्यापर्यंत झिरपावा म्हणून. वाचनकक्ष सगळ्यांना खुला असतो. पुस्तकांच्या मजल्यांवर जायला ग्रंथपालांची परवानगी लागते. ओळखपत्र जवळ ठेवा आणि गटानं न जाता दोघा-तिघांनी विचारा. त्यानं होकार मिळणं सोपं जातं.

इथून लहेरीपुऱ्याकडे चालत या. वाटेत घडियाळी पोळ आणि सराफांची दुकानं लागतात. चणिया-चोळी घ्यायची असेल तर नवाबाजारात, पण खरेदी संध्याकाळसाठी ठेवा. दरवाजातून बाहेर पडलात की न्यायमंदिर. रॉबर्ट चिझम यांनी बायझँटाइन धाटणीत बांधलेली १८९६ची ही वास्तू महाराजांच्या पहिल्या पत्नी चिमणाबाईंच्या नावाची आहे. न्यायालयं आता दिवाळीपुऱ्याच्या नव्या संकुलात गेली आहेत, त्यामुळे आत जायला मिळेलच असं धरू नका. बाहेरून मात्र पूर्ण फेरी मारा.

समोर सूरसागर तलाव. मधली शंकराची मूर्ती १११ फुटांची, आणि बहुतेक लोक तिचा फोटो काढून निघतात. त्यापेक्षा काठावरच्या संगीत महाविद्यालयाच्या इमारतीसमोर थांबा. १८८६ साली उस्ताद मौलाबक्ष यांच्या हाताखाली सरकारी गायनशाळा सुरू झाली. बंदिशी लिहून ठेवण्यासाठी मौलाबक्ष यांनी स्वतःची स्वरलिपी केली आणि वर्गात बसवून गाणं शिकवण्याची पद्धत घातली. पुढे उस्ताद फैयाज खाँ याच दरबारचे गायक. वर्ग चालू असतात, म्हणून आत जायचं तर आधी कार्यालयात विचारा आणि वर्गांच्या दारात उभं राहू नका.

आता दांडिया बाजार आणि रावपुरा. हा बडोद्याचा मराठी गाभा. इथे तांबेकरांचा वाडा आहे आणि आमच्या मते बडोद्यातली सगळ्यात दुर्लक्षित मोलाची जागा हीच. विठ्ठल खंडेराव तांबेकर, म्हणजे भाऊ तांबेकर, १८४९ ते १८५४ या काळात संस्थानचे दिवाण होते. चार मजली लाकडी वाडा, आतल्या खोल्यांच्या भिंती एकोणिसाव्या शतकातल्या चित्रांनी भरलेल्या: कृष्णलीला, महाभारतातले प्रसंग, इंग्रज-मराठा लढाया. वाडा भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाकडे आहे.

पोचताना चूक होते ती अशी. नकाशा तुम्हाला मुख्य रस्त्यावर सोडतो आणि वाडा आत पोळीत, म्हणजे जुन्या वस्तीच्या गल्लीत, आहे. रावपुऱ्याच्या टपाल कचेरीजवळ येऊन ‘तांबेकर वाडो’ म्हणून विचारा. बाहेरून साधा दिसतो, त्यामुळे लोक समोरून निघून जातात. दारावरची पुरातत्त्व खात्याची निळी पाटी बघा. आत अंधार असतो आणि जिने उभे, अरुंद. गुडघ्यांचा त्रास असणाऱ्यांनी खालूनच परतणं बरं. सकाळी साडेदहा ते बारा या वेळात खिडक्यांतून पुरेसा उजेड येतो. फ्लॅश वापरू नका आणि पाठीवरची सॅक खाली ठेवा, कारण खोल्या लहान आहेत आणि वळताना सॅक भिंतीवर घासते. रंगाचा पापुद्रा एकदा निघाला की तो परत बसवता येत नाही. चित्रं पाहताना आधी खोलीच्या मध्यभागी उभं राहून एक भिंत पूर्ण बघावी, मग जवळ जाऊन पगड्या, बंदुका, बैठकीची मांडणी पाहावी. एकाच भिंतीवर पुराणातला प्रसंग आणि त्या काळातला पोशाख एकत्र आलेले दिसतात.

जवळच दांडिया बाजारात अरविंद निवास. श्री अरविंद १८९३ ते १९०६ बडोद्यात नोकरीला होते, कॉलेजात शिकवतही होते. बंगला शांत असतो, पादत्राणं बाहेर काढावी लागतात. रावपुऱ्यातला चिमणाबाई टॉवर, म्हणजे १८९६चा घड्याळाचा मनोरा, जाता जाता दिसतो. जेवणाची वेळ झालेली असते, इथेच जेवून घ्या.

पहिली दुपार: नदी, कीर्तिमंदिर, बाग

रावपुऱ्यातून कोठी कचेरीवरून पुढे आलं की विश्वामित्रीच्या पुलाआधी कीर्तिमंदिर लागतं. सयाजीरावांनी गायकवाड घराण्याचं स्मारक म्हणून हे १९३६मध्ये उभारलं. शिखरावर सूर्य, चंद्र आणि पृथ्वी. आत मधल्या दालनात शांतिनिकेतनच्या नंदलाल बोस यांची चार मोठी भित्तिचित्रं आहेत: गंगावतरण, मीरेचं जीवन, महाभारताचं युद्ध आणि नटीर पूजा. सकाळी तांबेकरांच्या भिंती पाहिल्यावर दुपारी या भिंती पाहिल्या की शंभर वर्षांत रेघ किती बदलली ते थेट डोळ्यांना कळतं. दोन्ही एकाच दिवशी पाहावं ते यासाठी. जागा राजघराण्याची आहे आणि दालन नेहमीच उघडं नसतं. फाटकावर नम्रपणे विचारा, बंद असेल तर दुसऱ्या दिवशी पुन्हा एक फेरी ठेवा.

पूल ओलांडताना खाली बघा. नदीत मगरी आहेत, शहराच्या मधोमध आणि कायमच्या. थंडीत त्या काठावर उन्हाला पडलेल्या दिसतात. पुलावरून पाहणं सुरक्षित. पायवाटेनं काठावर उतरू नका, विशेषतः पावसाळ्यानंतर गवत वाढलेलं असताना.

पुलापलीकडे काळा घोडा, म्हणजे सयाजीरावांचा अश्वारूढ पुतळा, आणि लागून सयाजीबाग. जुने लोक तिला कमाटीबाग म्हणतात. १८७९ची, शंभर एकरांहून मोठी. सगळी बाग फिरायचा प्रयत्न केला तर संग्रहालय चुकतं, कारण ते पाचच्या सुमारास बंद होतं. म्हणून आधी संग्रहालय आणि चित्रशाळा, मग उरलेल्या उजेडात बाग.

संग्रहालयाला किमान दोन तास लागतात. मुलं असतील तर आधी निळ्या देवमाशाचा सांगाडा दाखवा. तो ७२ फुटांचा आहे आणि महीच्या मुखातून १९४४मध्ये मिळाला. इजिप्तची ममीही इथेच. मोठ्यांनी अकोट्याची कांस्य शिल्पं शोधावीत. अकोटा आता बडोद्याचंच उपनगर आहे. तिथे १९५१मध्ये ६८ जैन कांस्यमूर्तींचा ठेवा सापडला. पश्चिम भारतातल्या धातुशिल्पाचा अभ्यास या मूर्तींशिवाय होत नाही, आणि प्रेक्षक मात्र ममीसमोर जमलेले असतात. शेजारची चित्रशाळा युरोपीय चित्रांची. इमारत १९१४ला तयार झाली, पण पहिल्या महायुद्धामुळे चित्रं युरोपातून येऊ शकली नाहीत आणि ती १९२१ला उघडली.

बागेजवळच संकल्पभूमी आहे. सयाजीरावांच्या शिष्यवृत्तीवर १९१३ साली अमेरिकेला गेलेले भीमराव आंबेडकर १९१७मध्ये करारानुसार बडोद्याच्या नोकरीत रुजू झाले. शहरात त्यांना कुणी राहायला जागा दिली नाही. पारशी धर्मशाळेतूनही बाहेर काढलं गेलं. २३ सप्टेंबर १९१७ला त्यांनी या बागेत झाडाखाली बसून आयुष्याची दिशा ठरवली. दर वर्षी त्या तारखेला इथे मोठा समुदाय येतो. सुधारक महाराजांच्या राजधानीतच हे घडलं. सयाजीरावांची कामं पाहून होतील त्या दिवशीच इथेही यावं, म्हणजे राजाच्या इच्छेची धाव आणि समाजाची भिंत दोन्ही समजतात.

उजेड उरला तर विद्यापीठाकडून स्टेशनला जा. कला शाखेचा मोठा घुमट चिझम यांचा, विजापूरच्या गोलघुमटाची आठवण करून देणारा. बडोदा कॉलेज १८८१चं, विद्यापीठ १९४९चं. फतेहगंज-सयाजीगंजच्या बाजूला ललित कला शाखा आहे. ती १९५०ला सुरू झाली आणि नारायण श्रीधर बेंद्रे, शंखो चौधुरी, के. जी. सुब्रमण्यन यांनी तिला आकार दिला. उन्हाळ्याच्या तोंडाशी विद्यार्थ्यांचं वार्षिक प्रदर्शन असतं, तेव्हा येत असाल तर अर्धा दिवस तिथेच द्या. मराठी साहित्य संमेलन बडोद्यात चार वेळा भरलं, १९०९, १९२१, १९३४ आणि २०१८मध्ये, आणि शेवटचं याच विद्यापीठाच्या आवारात.

दुसरा दिवस: राजवाडा, मग कारखान्यांचा पट्टा

लक्ष्मीविलासला उघडताच पोचा. मेजर चार्ल्स मँट यांनी आराखडा केला, १८८१मध्ये ते वारले आणि चिझम यांनी काम पुरं केलं. १८९०ला राजवाडा तयार झाला. राजघराणं आजही इथे राहतं, त्यामुळे तळमजल्याचा ठरावीक भागच दाखवतात. तिकिटाबरोबर ऑडिओ गाइड मिळतो, तो घ्याच, कारण आत फलक फार थोडे आहेत. स्वतःचे इअरफोन आणलेत तर बरं. आत फोटो काढायला मनाई आहे. दरबार हॉलमध्ये मधे एकही खांब नाही. खाली व्हेनिसच्या कारागिरांचं मोझॅइक, खिडक्यांना बेल्जियमची रंगीत काच. सकाळचं ऊन त्या काचांवर पडलेलं असताना हॉल पाहायला मिळणं हेच लवकर येण्याचं कारण.

तिथून त्याच आवारातल्या महाराजा फतेहसिंग संग्रहालयात जा. तिकीट वेगळं असतं, म्हणून राजवाड्याच्या खिडकीवरच दोन्हींची चौकशी करा. राजा रविवर्मा यांची चित्रं इथे आहेत. १८८८मध्ये सयाजीरावांनी त्यांना चौदा पौराणिक चित्रांचं काम दिलं, ते १८९०ला पूर्ण झालं. घराघरांत पोचलेल्या छापील देवदेवतांच्या चेहऱ्यांचा उगम या शैलीत आहे. तैलरंगाचं मूळ चित्र आणि छापील प्रत यांतला फरक पदराच्या जरीत आणि त्वचेच्या छटांत बघा. चकाकी आडवी येते, तेव्हा समोरून न बघता दोन पावलं बाजूला सरका.

मकरपुरा राजवाडा वायुसेनेकडे आहे, तिकडे फेरी मारू नका. लालबागचा प्रतापविलास रेल्वेच्या ताब्यात, तिथे आता गतिशक्ती विश्वविद्यालय.

दुपार शहराच्या पोटापाण्याला द्या. बहुतेक मार्गदर्शनात हा भाग नसतोच. आणि बडोद्याचा पैसा आला कुठून हे कळलं नाही तर शहर अर्धंच पाहिलं. सुरुवात कलाभवनपासून. १८९०मध्ये रसायनशास्त्राचे प्राध्यापक त्रिभुवनदास गज्जर यांनी ही तंत्रशाळा चालवायला घेतली. रंगकाम, यंत्रकाम, छायाचित्रण असे विषय, शिक्षण देशी भाषेत. दादासाहेब फाळके छायाचित्रण इथेच शिकले. आज तिथे विद्यापीठाची अभियांत्रिकी शाखा आहे. गज्जर, त्यांचे शिष्य कोटिभास्कर आणि भाईलाल अमीन यांच्या प्रयत्नांतून १९०७ला अलेम्बिक ही रसायनं-औषधांची कंपनी उभी राहिली. पुढच्याच वर्षी, २० जुलै १९०८ला, संस्थानच्या आश्रयानं बँक ऑफ बडोदा. शाळा, कारखाना, बँक हा क्रम लक्षात ठेवा, औषधनिर्मितीचं बडोदं याच वाटेनं आलं. सन १९४३मध्ये साराभाई केमिकल्स आणि पंपांसाठी प्रसिद्ध ज्योती हेही आले.

संस्थान १ मे १९४९ला मुंबई राज्यात विलीन झालं. त्यानंतरची मोठी उडी तेलाची. अंकलेश्वरला १९६०मध्ये तेल लागलं, १९६५ला कोयलीचा शुद्धीकरण कारखाना सुरू झाला. खतांसाठी गुजरात स्टेट फर्टिलायझर्स १९६२ची, पेट्रोरसायनांसाठी आयपीसीएल १९६९ची. एकाचा उपपदार्थ दुसऱ्याचा कच्चा माल, म्हणून सगळे एकमेकांना लागून वायव्येला बसले. मकरपुरा औद्योगिक वसाहतीत विजेची उपकरणं आणि यंत्रभाग, सावली गावी मेट्रोचे डबे. सी-२९५ या लष्करी वाहतूक विमानांच्या जुळणीच्या कारखान्याचं उद्घाटन ऑक्टोबर २०२४मध्ये झालं.

कारखान्यांत परवानगीशिवाय प्रवेश नाही. मग हे पाहायचं कसं? अहमदाबादकडच्या साध्या गाडीनं बाजवा, रणोलीपर्यंत जा आणि परत या, खिडकीतून चिमण्या, टाक्या, नळांचे पूल सलग दिसतात. शुद्धीकरण कारखान्याच्या फाटकाजवळ कॅमेरा काढू नका, सुरक्षा रक्षक अडवतात. दुसरी जागा गोरव्याची अलेम्बिक सिटी. जुन्या औद्योगिक इमारती जपून तिथे कलादालनं आणि कलाकारांचे स्टुडिओ केले आहेत. संध्याकाळी तिथे प्रदर्शन आहे का ते आदल्या दिवशी बघून ठेवा.

उरलेला अर्धा दिवस: चांपानेर

आणखी एक सकाळ असेल तर चांपानेर-पावागड, सुमारे ४८ किलोमीटर. २००४पासून जागतिक वारसा यादीत. सकाळी साडेसहाला निघा. खाली शहर आणि वर कालिका माता, दोन्ही एका दमात करायला गेलात तर दोन्हींची घाई होते. निवड करा. इमारतींसाठी आला असाल तर जामी मशीद, शहर की मशीद आणि केवडा मशीद एवढ्यांतच चार तास जातात. तिकिटाचा कागद जपून ठेवा, पुढच्या स्मारकांवर विचारतात. देवीला जायचं तर पायथ्याहून माचीपर्यंत वाहन, मग रोपवे. रोपवे उतरल्यावरही पायऱ्या आहेतच, आणि वारा जोराचा असेल तर तो बंद ठेवतात. रविवार, पौर्णिमा आणि नवरात्र टाळा. वाटेत हालोल रस्त्यावर चक्राकार जिन्याची विहीर आहे, ती बाहेरून पटकन दिसत नाही, चालकाला आधी सांगून ठेवा.

आजवा तलाव, म्हणजे सयाजी सरोवर, याच दिशेला थोडा आत आहे. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस बांधलेल्या या तलावाचं पाणी उतारानंच शहराकडे जातं.

खाणं आणि न्यायच्या वस्तू

सेव-उसळ हे बडोद्याचं खरं खाणं. आपल्या मिसळीशी तुलना करत बसू नका, हा वेगळा पदार्थ आहे. पांढऱ्या वाटाण्याचा पातळ रस्सा, वर जाड शेव, कांदा, बरोबर पाव, आणि लाल तरी वेगळ्या भांड्यात. शेव आधीच सगळी ओतली तर दोन मिनिटांत लगदा होतो. मूठभर टाका, खा, परत टाका. तरी आधी अर्धा चमचा घेऊन बघा. ती तेलाची असते आणि तिखटपणा गिळल्यानंतर चढतो.

नेण्यासाठी लीलो चेवडो. बटाट्याचा कीस आणि हरभऱ्याची डाळ तळून त्यात हिरवी मिरची, तीळ, मनुका, साखर. हा मुद्दाम ओलसर ठेवलेला असतो, त्यामुळे कोरड्या चिवड्यासारखा महिनाभर टिकत नाही. पाकिटावरची पॅकिंगची तारीख बघा आणि निघायच्या दिवशीच घ्या. कढईतला ताजा घेतलात तर पूर्ण गार झाल्यावरच डब्यात भरा, नाहीतर वाफेनं चिकट होऊन दुसऱ्या दिवशी वास येतो. रावपुऱ्यातले दुलीरामचे पेढे खरपूस भाजलेल्या माव्याचे. उन्हाळ्यात ते हातातल्या पिशवीत ठेवा, सामानाच्या तळाशी नको. भाखरवडी सगळ्यात टिकाऊ, म्हणून लांब जाणाऱ्यांनी ती जास्त घ्यावी आणि चेवडा कमी.